लढाऊ विमानांचे अवशेष जमवणं : एका तुकड्यावरून पडलेले प्रश्न

यवतेश्वर (सातारा) | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, माझा भाचा इंग्लंडात केंट परगण्यात नोकरीला आहे. तिथल्या जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात त्याला एक तुकडा मिळाला. मामाला विमानांचं वेड आहे हे ठाऊक असल्याने त्याने तो माझ्यासाठी घेतला आणि गेल्या आठवड्यात येताना घेऊन आला. आत्ता तो माझ्यासमोर टेबलावर आहे. तळहातापेक्षा जरा मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा, एका अंगाने चुरगळून आत वळलेला. वळलेल्या बाजूला रिव्हेटांची ओळ आहे. त्यातल्या तीन रिव्हेटांची डोकी उडाली आहेत आणि तिथली भोकं ताणून लांबट झाली आहेत. आतल्या बाजूला राखाडी-हिरव्या रंगाचे टवके अजून धरून आहेत. कडेला ठोकलेला आकडा भिंगातून वाचता येतो. सुरुवातीला ३००, पुढचे आकडे अर्धवट, आणि बाजूला ६ आणि एस असा बारीक शिक्का.

विकणाऱ्याने सोबत चिठ्ठी दिली आहे : 'स्पिटफायर, बॅटल ऑफ ब्रिटन, १९४०'. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, आणि १९४० मधली ब्रिटनवरची हवाई लढाई. बस, एवढंच.

मला आता असे आणखी तुकडे जमवावेसे वाटतात. त्याआधी जाणकारांना विचारतो. हा खरा आहे हे कसं ओळखायचं? साताऱ्याच्या पावसात तो टिकवायचा कसा? आणि असं काही घरात जमवावं का? आई म्हणते, 'त्यात कुणाचा तरी लेक गेला असेल, बैठकीत मांडून ठेवू नकोस.' तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

---

मध्यरात्रीचा_वाचक | रात्री १०.०२

फोटो टाका. दोन्ही बाजूंचे, आणि आकड्याचा जवळून.

---

यवतेश्वर | रात्री १०.३०

टाकले. आकड्यावर बॅटरीचा उजेड तिरका धरला तर चांगला उठतो, म्हणून तसा काढलाय.

---

निवृत्त_फिटर (सातारा) | रात्री ११.१५

हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. आयुष्य पत्रा आणि रिव्हेट यांच्यातच गेलं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट कडा. तुमच्या फोटोत तीन कडा फाटलेल्या आहेत आणि चौथी घडीवर तुटलेली आहे. ही खूण चांगली. बाजारात पुष्कळदा मोठा पत्रा कात्रीने किंवा करवतीने कापून त्याचे चौकोनी तुकडे करून विकतात, एकाचे वीस होतात. कापलेली कड सरळ असते, चकचकीत असते आणि तिच्यावर गंज नसतो. तसं काही दिसलं तर तुकडा खरा असूनही घेऊ नये, कारण विकणाऱ्याने विक्रीसाठी तो आणखी एकदा मोडलेला असतो.

दुसरी गोष्ट भोकं. लांबट भोकं म्हणजे पत्रा रिव्हेटातून ओढून काढला गेला. हातोड्याने तसं करता येत नाही. ते काम आपटण्याच्या जोराचं.

तिसरी गोष्ट आकडा. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीत तिच्या पहिल्या आवृत्तीचा आराखडा 'टाइप ३००' होता, त्यामुळे तिच्या भागांचे नंबर ३०० ने सुरू होतात. पुढच्या आवृत्त्यांत मार्क पाचला ३४९, मार्क नऊला ३६१. ६ एस हा सुपरमरीनच्या तपासनिसाचा शिक्का. हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या भागांवर ४१ एच दिसतं, ते हॉकर कंपनीचं.

तेव्हा तुकडा स्पिटफायरचा आहे असं मी म्हणेन. पण १९४० चा आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या आवृत्तीसाठी आखलेले कितीतरी भाग पुढच्या आवृत्त्यांत तसेच्या तसे बसवले आणि त्यांचा नंबर ३०० च राहिला. स्पिटफायर वीस हजारांच्या वर बनली. तुमचा तुकडा १९४० मधल्या विमानाचा असेल, तसाच १९४३ मधल्याचाही असेल. आकड्यावरून एवढंच कळतं, त्यापुढचं चिठ्ठीवाल्याने सिद्ध करायचं.

---

कराडचा_कारागीर | रविवार, सकाळी ७.२०

फिटरकाका, दंडवत. खूण साठवली.

मी जुनी हत्यारं जमवतो. रंधे, वाकस, सुताराची गिरमिटं. त्यामुळे माझं मत सरळ आहे. जी वस्तू कुणी जमवत नाही ती भट्टीत जाते. युद्धाच्या काळात इंग्लंडात पडलेली विमानं ऑक्सफर्डजवळ काउलीला नेऊन वितळवत आणि त्याच धातूची नवी विमानं करत. म्हणजे आज जे सापडतं ते तेव्हा उचलता आलं नाही म्हणून उरलं. इंजिन मऊ चिखलात खोल घुसलं आणि वरचं तेवढं गाडीत भरून नेलं. हौशी लोकांनी पुढे ते उकरलं नसतं तर काय उरलं असतं?

आणि किंमत म्हणाल तर २४ मे १९४० ला फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरवलेली एक स्पिटफायर, पी ९३७४, वाळूत गडप झाली होती. १९८० मध्ये ती वर आली, दुरुस्त होऊन २०११ मध्ये पुन्हा उडाली आणि २०१५ मध्ये लिलावात एकतीस लाख पौंडांना गेली. ती रक्कम ब्रिटिश हवाई दलाच्या मदतनिधीला आणि वन्यजीवांसाठीच्या संस्थेला दिली. ज्याने वैमानिकाची बूज राखायची त्याने अशी राखली. जमवणारे नसते तर हे घडलंच नसतं.

---

अपशिंगेकर | सकाळी ९.०५

मी अपशिंग्याचा. गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण परत आले नाहीत, त्याचा स्तंभ गावात उभा आहे. सैन्यात कुणी नाही असं घर आमच्याकडं हुडकावं लागंल.

म्हणून यवतेश्वरांच्या आईंच्या बाजूनं लिहितो. पी ९३७४ चा वैमानिक जिवंत उतरला म्हणून ती गोष्ट गोड लागते. पण इंग्लंडात हौशी लोकांनी खड्डे खणले तेव्हा काही ठिकाणी वैमानिकाची हाडंसुद्धा मिळाली, त्यावर तिकडं मोठा गदारोळ झाला. घरच्यांना कळायच्या आधी बाजारात त्याच्या पट्ट्याचं बक्कल विकायला आलं, तर त्या घरानं काय करायचं?

माझा आज्जा चौथ्या मराठा पलटणीत होता. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला ती पलटण पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडसोबत होती. त्या टेकडीवर पाणी नव्हतं, वरून विमानं पाणी-दारूगोळा टाकत आणि बराचसा माल जपान्यांकडं जाऊन पडे. आज्जाचं म्हणणं, लढणाऱ्या माणसाची वस्तू त्याच्या घरी जावी नाहीतर त्याच्या पलटणीत. दुकानात जाऊ नये. मलाही तेच पटतं.

---

सांगलीकर_परदेशी | दुपारी १.४८

सांगलीचा, आता इंग्लंडात. इथल्या एका विमान-संग्रहालयात सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जातो, म्हणून कायद्याचं सांगतो.

अपशिंगेकर म्हणतात तसे प्रकार झाले म्हणूनच इथे १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा आहे. लष्करी सेवेत असताना पडलेलं कुठलंही विमान या कायद्याने आपोआप संरक्षित ठरतं, ब्रिटिश असो, जर्मन असो की अमेरिकन. जागा कुणाच्या शेतात आहे याने फरक पडत नाही. संरक्षण मंत्रालयाचा परवाना घेतल्याशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन उकरणं हा गुन्हा आहे. शेतकऱ्याची परवानगी वेगळी. जिथे मानवी अवशेष असण्याची शक्यता आहे किंवा न फुटलेला दारूगोळा असेल, तिथे परवाना देत नाहीत. परवाना घेणाऱ्याने काय निघालं याचा अहवाल द्यायचा असतो.

यवतेश्वर, त्यामुळे भाच्याला विकणाऱ्याकडे परत पाठवा. विचारायला सांगा : कुठली जागा, कुणी खणलं, कधी, परवान्यावर की कायद्याच्या आधी. नीट संग्राहक हे चटकन सांगतो. 'एका जुन्या संग्रहातून' एवढंच सांगणारा नको.

अमेरिकेच्या नौदलाच्या बुडालेल्या विमानांचा नियम याहून कडक आहे. २००४ च्या कायद्याने ती कितीही जुनी झाली तरी सरकारच्याच मालकीची राहतात.

आणि मंडळी, भारतात येताना काडतूस आणू नका. रिकामं आहे, जुनं आहे असं म्हणत पुष्कळ जण ३०३ च्या गोळ्या सामानात टाकतात. विमानतळावर क्ष-किरणात दिसलं की शस्त्र कायद्याचं झेंगट मागे लागतं.

---

मध्यरात्रीचा_वाचक | दुपारी २.१०

ब्रह्मदेशात पेट्यांमध्ये पुरलेल्या स्पिटफायरचं काय झालं पुढे? कित्येक विमानं आहेत म्हणत होते.

---

सांगलीकर_परदेशी | दुपारी २.२५

काही निघालं नाही. २०१३ च्या जानेवारीत यांगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर खणलं, जुन्या कागदपत्रांची छाननी केली. विमानं पुरल्याचा पुरावाच मिळाला नाही. सांगोवांगी गोष्टींवर पैसा लावायचा नाही, एवढं त्यातून घ्या.

---

मिरजेची_मास्तरीण | सायंकाळी ५.३०

रसायनशास्त्र शिकवते, आणि यवतेश्वरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

विमानाचा पत्रा आपल्या घरच्या पातेल्यासारखा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. तो ड्युरालुमिन असतो, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये साधारण चार टक्के तांबं, थोडं मॅग्नेशियम आणि मँगनीज. तांब्याने मजबुती येते आणि तांब्यामुळेच तो आतून कुजतो. गंज धातूच्या कणांच्या सीमांमधून शिरतो आणि पत्रा पापुद्रे सुटत फुगतो. वर पांढरी भुकटी दिसते. ती दिसायला लागली की समजा आत काम चालू झालंय. मीठ लागलं तर हा प्रकार फार वेगाने होतो.

काय करावं : उर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्यात, मऊ ब्रशने माती धुवा. नळाचं पाणी वापरू नका, त्यात क्लोराइड असतं. सावलीत पूर्ण वाळवा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या तापवून पुन्हा कोरड्या करा.

काय करू नये : पितळेसारखं घासून चकचकीत करू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर लावू नका. आणि रंगाचा टवका पॉलिश पेपरने घासू नका. अमेरिकी विमानांच्या आतल्या बाजूचा पिवळट-हिरवा रंग झिंक क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ विषारी असते. ब्रिटिश रंगाबाबतही तीच काळजी घ्या. त्यातून रंग हाच तर पुरावा आहे. जपानी विमानांत आतल्या धातूवर निळसर-हिरवं पारदर्शक लाखेसारखं आवरण असतं, जाणकार त्यावरून तुकडा ओळखतात. घासला की साक्षीदार गेला.

समुद्रातून निघालेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतून एक जर्मन डॉर्नियर बॉम्बर बाहेर काढलं. कॉसफर्डच्या संग्रहालयात ते बोगद्यासारख्या तंबूत ठेवून सायट्रिक आम्ल मिसळलेल्या पाण्याचे फवारे बराच काळ मारत राहिले. घरी तसं करायला जाऊ नका.

---

कृष्णाकाठ (सांगली, गावभाग) | सायंकाळी ६.५५

ताई म्हणतात ते शब्दन् शब्द खरं. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. खालच्या मजल्यावरच्या कपाटात माझ्या काकांचा संग्रह होता, त्यात एक जुना विमानाचा कंपास आणि दोन पत्र्याचे तुकडे. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढण्यातच दिवस गेले, तोपर्यंत तो खोका तसाच भिजत होता. उघडला तेव्हा कंपासचं पितळ हिरवं झालेलं, ते वाचलं. पत्रे मात्र कडेने फुगले होते, बोटाने दाबलं की खवले निघायचे. काकांनी प्रत्येक तुकड्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. त्यावर शाईने लिहिलेलं सगळं पुसलं. धातूपेक्षा मला त्या चिठ्ठ्यांचं जास्त वाईट वाटतं. काका आता नाहीत, कुठला तुकडा कुठून आला हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

म्हणून वस्तूसोबत नोंद ठेवाच, आणि ती पेन्सिलीने लिहा. पेन्सिल पाण्यात जात नाही. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. सांगलीत राहणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर.

---

विटेकर_गलाई | रात्री ८.४०

आमचं घराणं गलाईतलं. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला पांगली आहेत हे सगळ्यांना ठाऊक. माझ्या चुलत्यांचं दुकान वरच्या आसामात तिनसुकियाला. लहानपणी सुट्टीत तिकडं जायचो.

तो पट्टा म्हणजे 'हंप'चा मुलूख. चाबुआ, दिंजान, मोहनबारी इथून अमेरिकी विमानं हिमालयावरून चीनला माल न्यायची. सहाशेच्या आसपास विमानं त्या वाटेवर पडली. बहुतेक मालवाहू, पण दिंजानला पी-४० ही लढाऊ विमानंही होती. चुलते मला एकदा एका भंगारवाल्याकडं घेऊन गेले होते. त्याच्याकडं ॲल्युमिनियमचं एक जाड पातेलं होतं, डोंगरातल्या लोकांनी विमानाच्या पत्र्यापासून केलेलं असं तो सांगे. बुडाशी रिव्हेटाचं बुजवलेलं भोक मी बोटाने चाचपून पाहिलंय. त्या लोकांनी पत्रा वापरला, त्यांना गरज होती. त्याला मी लूट म्हणणार नाही.

गाळणाऱ्याच्या घरातला आहे म्हणून एक सांगतो. मुशीत गेलं की कुठून आलं ते संपलं. सोन्याला त्यानं काही फरक पडत नाही. विमानाच्या तुकड्याचं सगळं मोल तर त्यातच आहे.

अरुणाचलात पासीघाटला २०२३ मध्ये हंपचं संग्रहालय उघडलंय. तिकडं जाणार असाल तर बघून या. अमेरिकेची बेपत्ता सैनिक शोधणारी संस्था अजून त्या डोंगरांत आपली माणसं हुडकते.

---

कोल्हापुरी_पाहुणा | रात्री ९.२५

अवांतर आहे, पण राहवत नाही. बॅटल ऑफ ब्रिटनचं नाव निघालं की आम्हाला पोलंडची आठवण येते. त्या लढाईत पोलिश वैमानिकांची ३०३ नंबरची स्क्वाड्रन हरिकेन उडवायची आणि १२६ विमानं पाडल्याचा तिचा दावा होता. आणि तेव्हाच देशोधडीला लागलेली पोलिश बायकामुलं १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या छावणीत राहिली, जवळपास पाच हजार. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. सांगलीपासून तासाभरावर. म्हणजे यवतेश्वरांच्या तुकड्याचं आपल्या मुलखाशी नातं अगदीच नाही असं नाही.

---

निवृत्त_फिटर | रात्री १०.०५

नातं त्याहून जवळचं आहे. १९४० मध्येच भारतातून २४ वैमानिकांची तुकडी इंग्लंडला गेली. मोहिंदरसिंग पुज्जी त्यातलेच, त्यांनी हरिकेन चालवली. इंफाळच्या वेढ्यात आपल्या एक नंबर स्क्वाड्रनची हरिकेन विमानं होती आणि नेतृत्व अर्जनसिंग यांच्याकडे होतं. १९४४ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. अपशिंगेकरांचे आजोबा खाली टेकडीवर लढत होते त्या मोहिमेत वर आपली माणसं होती. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही आहेत. आपला तुकडा नेमका कुठे बसायचा हे समजायचं असेल तर आधी अख्खं विमान बघा.

---

जुना_रेडिओ (वाई) | सोमवार, सकाळी ११.३०

माझ्याकडे विमानातलं उंची दाखवणारं घड्याळ आहे, काळी तबकडी, मागे मुकुट आणि 'एएम' असा शिक्का, खाली ६ ए ने सुरू होणारा नंबर. आकडे आता चमकत नाहीत. काच धुरकट झालीय, उघडून पुसू का?

---

मिरजेची_मास्तरीण | सकाळी ११.४२

उघडू नका!

त्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायची दाट शक्यता आहे. चमक गेली म्हणजे त्यातलं चमकणारं रसायन झिजलं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, ते आहे तिथेच आहे. रंग सुकून त्याची भुकटी होते आणि ती श्वासातून पोटात जाणं हा खरा धोका. काच बंद राहू द्या. निजायच्या खोलीत ठेवू नका, वारा खेळेल अशा जागी ठेवा, कारण त्यातून रेडॉन वायू सुटतो. हाताळलं की हात धुवा. पोरांच्या हाती देऊ नका. काच फुटलेली असती तर घरात ठेवूच नका म्हणाले असते.

---

जुना_रेडिओ | सकाळी ११.५०

बाप रे. नातू कालच त्याच्याशी खेळत होता. काच शाबूत आहे. माळ्यावरच्या जाळीच्या कपाटात ठेवतो. आभारी आहे ताई.

---

अपशिंगेकर | दुपारी ३.१५

कराडकरांनी पी ९३७४ सांगितली, आता माझ्याकडची ऐका. २८ जून १९४२ ला डेनिस कॉपिंग नावाचा रॉयल एअर फोर्सचा सार्जंट वैमानिक किटीहॉक विमान घेऊन इजिप्तच्या वाळवंटात भरकटला. २०१२ मध्ये एका पोलिश माणसाला ते विमान वाळूत जवळजवळ अख्खं सापडलं. कॉपिंग विमानातून बाहेर पडला होता, सावलीसाठी पॅराशूट पसरल्याच्या खुणा होत्या. तो स्वतः सापडला नाही. बातमी फुटल्यावर लोकांनी विमानाचे भाग काढून न्यायला सुरुवात केली. शेवटी विमान अल अलामेनच्या संग्रहालयात नेलं आणि पुढं त्याला नवा रंग फासला. आधी माणूस शोधायला हवा होता. लोकांचं लक्ष लोखंडाकडं होतं.

---

कराडचा_कारागीर | दुपारी ४.४०

या गोष्टीबद्दल मलाही वाईट वाटतं. पण तिथे चूक जमवणाऱ्यांची की ओरबाडणाऱ्यांची? दोघांना एका तराजूत घालू नका.

आयर्लंडमधलं बघा. ३० नोव्हेंबर १९४१ ला रोलंड वुल्फ नावाच्या अमेरिकन वैमानिकाची स्पिटफायर डोनेगलच्या दलदलीत घुसली. तो पॅराशूटने उतरला. आयर्लंड तटस्थ होतं म्हणून त्याला स्थानबद्ध केलं, तो तिथून निसटून उत्तर आयर्लंडला पोचला, तर त्याच्याच वरिष्ठांनी त्याला परत पाठवलं! २०११ मध्ये रीतसर परवानगीने खणलं. दलदलीत हवा पोचत नाही म्हणून ब्राउनिंग मशीनगन इतक्या चांगल्या राहिल्या होत्या की सत्तर वर्षांनी साफसूफ करून त्यातली एक झाडून दाखवली. सगळं डेरीच्या संग्रहालयात आहे. कुणाच्या घरी काही गेलं नाही. शोधणारा मात्र एक हौशी माणूसच होता, जुने कागद चाळून जागा त्यानेच काढली. हौसेशिवाय हे व्हायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

---

सांगलीकर_परदेशी | सायंकाळी ७.१०

दोघांच्या मधली एक गोष्ट. १५ सप्टेंबर १९४० ला रे होम्स यांनी लंडनवर एका डॉर्नियरला आपल्या हरिकेनने धडक दिली. विमान बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या रस्त्यात घुसलं, ते स्वतः पॅराशूटने वाचले. २००४ मध्ये तो रस्ता खणला तेव्हा विमानाची कंट्रोल स्टिक निघाली आणि तिच्यावरचं गोळीबाराचं बटण अजून 'फायर'वर होतं. होम्स तेव्हा हयात होते. त्यांची वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत वर आली.

उलट १९४४ च्या ३१ जुलैला पी-३८ घेऊन बेपत्ता झालेले फ्रेंच लेखक-वैमानिक सेंत-एक्झुपेरी. १९९८ मध्ये मार्सेजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्यांच्या नावाचं ब्रेसलेट आलं. पुढे तळाशी विमान सापडलं. ते त्यांचंच हे ठरायला २००४ उजाडलं, आणि ते ठरलं एका भागावरच्या नंबरावरून. यवतेश्वर भिंगातून बघतायत तशाच एका ठोकलेल्या आकड्यावरून. असा तुकडा कुणी नोंद न करता घरी नेला असता तर प्रश्न तसाच राहिला असता.

---

यवतेश्वर | बुधवार, रात्री ८.५०

मंडळी, भाचा परत त्या विकणाऱ्याला भेटला. उत्तर मिळालं : 'केंटमधल्या एका शेतातून, फार पूर्वी, माझ्या वडिलांच्या संग्रहातला.' कुठलं शेत, माहीत नाही. कुठलं विमान, माहीत नाही. १९४० कशावरून, तर 'सगळे तसंच म्हणतात'.

फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे मी नवी चिठ्ठी केली, पेन्सिलीने : 'स्पिटफायर जातीच्या विमानाचा पत्रा. भागाचा नंबर ३०० ने सुरू, शिक्का ६ एस. केंट परगण्यातून आल्याचं विकणाऱ्याचं सांगणं. जागा, तारीख, वैमानिक अज्ञात.' जुनी चिठ्ठीही सोबत ठेवली आहे, तिच्यावर 'विकणाऱ्याचा दावा' असं लिहून. तुकडा धुतला, वाळवला, मेण लावलं. मेण लावल्यावर अर्धवट आकड्यांतला आणखी एक उठला, तोही लिहून ठेवला. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'अज्ञात लिहिलंस ते बरं केलंस. दुसऱ्याच्या पोराचं नाव उगाच लावू नये.' बैठकीत नाही, माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवला आहे.

यापुढे जागा आणि खणल्याची नोंद नसलेला तुकडा विकत घेणार नाही. भाच्याला त्या पैशात सांगलीकरांच्या संग्रहालयाचं सदस्यत्व घ्यायला सांगितलंय. परवान्यावर खणणाऱ्या एखाद्या गटासोबत त्याला जाता आलं तर तिथलं सगळं इथे लिहीन.

---

अपशिंगेकर | रात्री ९.३०

हे मला पटलं. विकत घेण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण अशी नोंद ठेवणाऱ्याशी माझं भांडण नाही. आमच्या गावातल्या पोरांना तो पत्रा दाखवायला आणाल का? भरतीची तयारी करणारी पुष्कळ आहेत. विमान नुसतं आभाळात बघितलंय त्यांनी. रविवारी सकाळी या.

---

निवृत्त_फिटर | रात्री ९.४५

रविवारी मीही येतो. रिव्हेट कसा बसवतात ते पोरांना करून दाखवतो. हातोडी आणि डॉली, म्हणजे रिव्हेटामागे धरायचा लोखंडी ठोकळा, माझ्याकडे आहे. पत्र्याचे दोन भंगार तुकडे कुणीतरी आणा, त्या जुन्या पत्र्याला हात लावायचा नाही.

---

कराडचा_कारागीर | रात्री ९.५२

पत्रे मी आणतो. ड्रिलही आणतो.